एक काम, दोन वह्या

साहित्य मंडळाच्या अंकात सॉफ्टवेअरचा लेख कशाला, असं कोणीतरी विचारणारच. म्हणून आधीच सांगते. हा लेख वरवर पाहता संगणकाचा आहे, पण मुळात तो नावाचा आहे. चार जणांनी मिळून एक काम केलं, तर त्यातलं कोणाचं काय, हे नंतर कळणार कसं? कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, मागाहून कोणी बदललं? कविता लिहिणाऱ्याला हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही. माझं म्हणणं एवढंच, की एका कामाच्या दोन नोंदवह्या ठेवायची वेळ आली, तर त्या दोन्हींमधून माणसाचं नाव सुरक्षित जाईल याची काळजी पहिल्या दिवशी घ्यायला हवी. शेवटच्या दिवशी ती घेता येत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, चूक करून सांगते.

तर झालं असं. गेल्या वर्षी आम्हा चौघांचा प्रकल्प होता. दोघे वास्कोचे, एक मैत्रीण डिचोलीची आणि मी पेडण्याची. एका छोट्या कंपनीसाठी मालाचा साठा आणि बिलं सांभाळणारा प्रोग्रॅम लिहायचा होता. कॉलेजात आम्हाला गिट शिकवलेलं, त्यामुळे आम्ही गिटवर सुरुवात केली. पण त्या कंपनीत जुनी पद्धत होती, सबव्हर्जनची. तिथले सर म्हणाले, "तुम्ही तुमचं काय हवं ते वापरा, पण शेवटी सगळं आमच्या सर्व्हरवर आलं पाहिजे." आणि त्यांनी आम्हा चौघांसाठी मिळून एकच लॉगिन दिलं, ते माझ्या नावाचं.

तिथेच खरं तर गोंधळाचं बी पडलं, पण तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. मला उलट मोठेपणा वाटला. रोज संध्याकाळी चौघांचं काम गोळा करायचं आणि तिकडे चढवायचं, हे काम माझ्याकडे आलं. मी मधली झाले.

आता ज्यांना गिट आणि सबव्हर्जन हे शब्दच नवीन आहेत, त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी मजकूरच. तो रोज बदलतो. आपण निबंध लिहिताना 'निबंध', 'निबंध शेवटचा', 'निबंध अगदी शेवटचा' अशा फाइली करून ठेवतो ना, तसं चार माणसांनी करायला घेतलं तर दोन दिवसांत वेड लागेल. म्हणून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी साधनं निघाली. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली आणि का, हे सगळं ती लिहून ठेवतात. हवं तेव्हा मागे जाता येतं. ही कल्पना नवी नाही. १९७२ च्या सुमारास असं पहिलं साधन अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार झालं.

सबव्हर्जन हे साधन २००० साली सुरू झालं. त्याची रीत तलाठ्याच्या दप्तरासारखी. मूळ वही एकाच ठिकाणी, सर्व्हरवर. तुमच्याकडे असते ती चालू पानाची नक्कल. काही नोंदवायचं तर दप्तरात जावं लागतं. प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो: १, २, ३, पुढे ४१२, ४१३. सगळा इतिहास एका सरळ रेषेत.

गिटची गोष्ट वेगळी. लिनक्सवाले लोक बिटकीपर नावाचं साधन वापरत होते. त्याचा फुकट परवाना काढून घेतला गेला, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सने काही दिवसांत गिटची पहिली आवृत्ती लिहिली. गिटमध्ये मूळ वही एकाच जागी नसते. प्रत्येकाकडे पहिल्या पानापासूनची संपूर्ण वही असते. प्रत्येक जण आपल्या घरी नोंद करतो आणि मग सगळे एकमेकांच्या नोंदी जुळवून घेतात. नोंदीला क्रमांक नसतो. तिच्यातल्या मजकुरावरून, आधीच्या नोंदीवरून, लिहिणाऱ्याच्या नावावरून आणि वेळेवरून गणित करून चाळीस अक्षर-अंकांची एक खूण तयार होते. यातलं एक अक्षर जरी बदललं तरी खूण बदलते. इतिहासही सरळ रेषेत नसतो. त्याला फांद्या फुटतात आणि त्या पुन्हा येऊन मिळतात.

म्हणजे पाहा, फरक फक्त बटणांचा नाही. इतिहास म्हणजे काय, याबद्दलच दोघांचं मत वेगळं आहे. एकाला वाटतं इतिहास म्हणजे एका दप्तरातली क्रमवार यादी. दुसऱ्याला वाटतं इतिहास म्हणजे अनेक घरांतून आलेल्या वाटा. या दोघांना एकत्र नांदवायचं, तर मध्ये कोणीतरी दुभाषा लागतो.

असा दुभाषा गिटसोबत येतो, 'गिट एसव्हीएन' नावाचा. तो सबव्हर्जनचा इतिहास गिटमध्ये आणून देतो आणि गिटमधल्या नोंदी एक एक करून सबव्हर्जनमध्ये घालतो. या दुसऱ्या कामाला 'डीकमिट' म्हणतात. हे करताना तो दोन गोष्टी करतो, आणि त्या मला तेव्हा ठाऊक नव्हत्या. पहिली, फांद्यांचा इतिहास तो सरळ करून मागतो, कारण तिकडे सरळ रेषच चालते. दुसरी, तिकडच्या नोंदीवर नाव पडतं ते ज्याच्या लॉगिनने काम चढवलं त्याचं. लिहिलं कोणी, हे तो आपण होऊन सांगत नाही. शिवाय चढवून झाल्यावर आपल्याकडची नोंदही तो नव्याने लिहितो, त्यामुळे तिची खूण बदलते. मैत्रिणीच्या लॅपटॉपवरची नोंद आणि माझ्याकडची नोंद, मजकूर तोच, पण गिटच्या लेखी दोन वेगळ्या नोंदी. तीन महिने आम्ही "हे परत परत का येतंय गे?" असं विचारत बसलो, त्याचं कारण हे.

आणि मग ती रात्र आली. कंपनीतल्या एका माणसाने तिकडे परस्पर एक दुरुस्ती केली होती, नेमकी त्याच फाइलमध्ये जिथे डिचोलीच्या मैत्रिणीने चार दिवस बसून कराचा हिशेब लिहिला होता. रात्रीचे अकरा वाजलेले. मी तिकडचं काम ओढून घेतलं आणि दोन्ही बदल एकमेकांवर आपटले. गिट विचारतं, कोणाचं ठेवू? 'अवर्स' की 'देअर्स'? आपलं की त्यांचं? मी अर्थातच 'आपलं' म्हटलं. पण रिबेस चालू असताना हे दोन शब्द उलटे होतात. तेव्हा तिकडून आलेलं ते 'आपलं' आणि आपण लिहिलेलं ते 'त्यांचं'. का, तर रिबेसमध्ये गिट आधी त्यांच्या पायावर उभं राहतं आणि मग आपल्या नोंदी एक एक करून वर रचतं. कारण नीट आहे, पण रात्री अकराला ते कोणाला आठवतं! मी एक शब्द टाइप केला आणि मैत्रिणीचे चार दिवस पुसले.

काम परत मिळालं. गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण वही असते, म्हणून तिच्या लॅपटॉपवर सगळं शाबूत होतं. तेवढ्यापुरते गिटचे उपकार. पण नाव गेलं ते तोंडी परीक्षेपर्यंत कळलंच नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे कंपनीच्या वहीची छापील यादी होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच नाव, माझं. त्यांनी मैत्रिणीकडे पाहून सरळ विचारलं, "यात तुझं काम कुठे आहे?" ती काही बोललीच नाही. नंतर आम्ही गिटमधली नोंद काढून दाखवली, विषय मिटला, गुणही मिळाले. पण मध्ये गेलेली ती पाच मिनिटं मला अजून आठवतात. आमच्यातलं सगळ्यात कठीण काम जिने केलं, तिला ते आपण केलं हे सिद्ध करावं लागत होतं, आणि तिच्या कामावर शिक्का माझा होता.

घरी जाऊन हे थोरल्या काकांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे तू मिरजेचा हमाल झालीस तर." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. पूर्वी मुंबईहून रेल्वेने वास्कोला यायचं तर मिरजेला गाडी बदलावी लागे. पुण्याहून मिरजेपर्यंत ब्रॉडगेज आलं होतं, रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर. मिरजेहून पुढे लोंढ्यावरून वास्कोपर्यंत मीटरगेज, बरोबर एक मीटर. एका गेजचा डबा दुसऱ्या रुळावर जाऊ शकत नाही. माणसं सामान डोक्यावर घेऊन या फलाटावरून त्या फलाटावर जायची आणि मालही एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागायचा. काका म्हणाले, "सामान हरवायचं ते धावत्या गाडीत नाही. हरवायचं ते मिरजेला." नव्वदच्या दशकात आपल्या मार्गाचंही ब्रॉडगेज झालं आणि ती अदलाबदल संपली.

काकांचं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. गिट चांगलं की सबव्हर्जन चांगलं, यावर वर्गात तासन् तास वाद होतात. पण नुकसान या गाडीत होत नाही, त्या गाडीतही होत नाही. ते होतं मधल्या फलाटावर. आणि त्या फलाटावर कोण उभं आहे, त्याला काय शिकवलंय, त्याच्या कामाची मोजदाद कोण करतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, ही तुमच्या छोट्या प्रकल्पाची रड झाली, मोठ्या ठिकाणी असं नसतं. असतं. फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २००७ साली मर्क्युरिअल नावाचं साधन घेतलं. तेही गिटसारखंच आणि त्याच २००५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेलं. पण हळूहळू जगभर गिट पसरलं. नवीन येणाऱ्याला गिट येतं, मर्क्युरिअल येत नाही. मग कितीतरी वर्षं तिथले अनेक जण गिट-सिनाबार नावाचा पूल वापरून घरी गिट आणि दारी मर्क्युरिअल असा संसार करत राहिले. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी गिटकडे जायचं जाहीर केलं. मोठ्या घरातही दोन चुली असतातच. फक्त तिथे कुठली चूल कशासाठी, हे ठरलेलं असतं.

आपल्या मराठीला जवळचं उदाहरण आहे ते केडीईचं. लिनक्सवर चालणारा हा डेस्कटॉप १९९६ पासून जगभरचे लोक मिळून बनवतात, आणि तो ज्या भाषांत येतो त्यात मराठीही आहे. केडीईने २००५ साली आपला सगळा पसारा सबव्हर्जनवर आणला. पुढे २०१० च्या आसपास प्रोग्रॅमचा कोड टप्प्याटप्प्याने गिटवर गेला. पण भाषांतरं सबव्हर्जनमध्येच ठेवली. म्हणजे एकाच प्रकल्पाच्या दोन वह्या, आणि त्याही चुकून नव्हे, ठरवून.

हे चालतं कसं? मध्ये माणूस नाही, 'स्क्रिप्टी' नावाचा एक प्रोग्रॅम आहे. तो रोज रात्री गिटमधल्या कोडमधून भाषांतरासाठीची इंग्रजी वाक्यं गोळा करतो आणि सबव्हर्जनमध्ये नेऊन ठेवतो. मराठीवाला, तमिळवाला, पोर्तुगीजवाला आपापल्या कप्प्यात भाषांतर करतो. तयार झालेलं भाषांतर परत कोडच्या बाजूला पोचवलं जातं. यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे कुठली वस्तू कुठे जन्मते हे पक्कं आहे. कोड जन्मतो गिटमध्येच. भाषांतर जन्मतं सबव्हर्जनमध्येच. एकच फाइल दोन्हीकडे हाताने बदलायची मुभा कोणालाच नाही. आमच्या प्रकल्पात नेमकं हेच नव्हतं. आम्हीही कोड बदलत होतो, कंपनीचा माणूसही तोच कोड बदलत होता, आणि मूळ प्रत कुठली असं विचारलं असतं तर दोघांनीही आपापल्याकडे बोट दाखवलं असतं.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडली. भाषांतराची जी फाइल असते, तिच्या डोक्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. शेवटी कोणी हात लावला, कुठल्या भाषेच्या गटाने केलं, सगळं त्या फाइलच्या पोटात. कितीतरी भाषांतरकार स्वतः सबव्हर्जनला हातही लावत नाहीत. ते फाइल गटप्रमुखाला पाठवतात आणि गटप्रमुख ती चढवतो. तरी नाव हरवत नाही, कारण ते वहीच्या भरवशावर सोडलेलं नाही, कामाच्या अंगावरच लिहिलेलं आहे. हमालाने पेटी या डब्यातून त्या डब्यात टाकली तरी पेटीवरचं नाव पेटीसोबत जातं. साधी युक्ती, पण ती आम्हाला सुचली नाही.

आता साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. आपण पाठभेद शिकतो ते हेच तर आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रती घरोघर उतरवल्या जात होत्या, आणि उतरवणारा प्रत्येक जण थोडं काही बदलत होता. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी प्रती गोळा करून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी आत घालू नये असं बजावलं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी सगळ्या फांद्या जुळवल्या आणि मुख्य फांदीला कुलूप घातलं. पण आधीच्या तीनशे वर्षांत कुठल्या नक्कलकाराने कुठला शब्द बदलला, हे मात्र आता कोणाला सांगता येणार नाही. तिथे नोंदच नव्हती.

त्याहून जवळचं उदाहरण आपल्या गोव्यातलंच. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, भाषा मराठी, लिपी रोमन. त्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज त्या छापील आवृत्त्यांची प्रत उपलब्ध नाही. उरल्या त्या हस्तलिखित प्रती. रोमन लिपीतल्या प्रतींवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी आवृत्ती काढली, आणि तिच्यावरून १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती केली. आणि तिकडे लंडनच्या मार्सडेन संग्रहात मुळात देवनागरीतच लिहिलेली वेगळी प्रत सापडली. रोमन प्रतींत जिथे पोर्तुगीज-लॅटिन वळणाचे शब्द दिसतात, तिथे हिच्यात संस्कृत वळणाचे शब्द. मग मूळ कुठलं? कवीने आधी कुठल्या लिपीत लिहिलं? शब्द कोणी बदलले, त्याने स्वतः की मागून कोणी? अभ्यासक यावर वाद घालत आलेत. एक ग्रंथ, दोन लिपी, दोन वह्या, आणि मधल्या फलाटावर सही कोणाचीच नाही.

त्या काळी साधन नव्हतं, म्हणून त्यांना बोल लावता येत नाही. आपल्याकडे साधन आहे. तरी आपण नाव हरवलं, तर ती आपली हयगय.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं. मी हे वर्गात बोलले तेव्हा दोन उत्तरं मिळाली. पहिलं, "सगळ्यांनी सरळ गिट घ्यावं, प्रश्नच मिटला." ऐकायला बरं वाटतं. पण वीस वर्षांचा इतिहास असलेली वही कोणी आपल्या परीक्षेसाठी एका महिन्यात बदलत नाही. शिवाय सबव्हर्जनमध्ये काही गोष्टी खरंच सोयीच्या आहेत. चित्रं, आराखडे अशा फाइली दोघांनी एकाच वेळी बदलल्या तर त्या जुळवता येत नाहीत. तिथे "मी काम करतोय, तुम्ही थांबा" असं कुलूप घालावं लागतं, आणि एका दप्तराच्या पद्धतीत ते कुलूप साहजिकच बसतं. तेव्हा जुनं ते सगळं टाकाऊ असं नाही. आपल्या गोव्यातच बघा ना, मोपाचा विमानतळ सुरू झाला म्हणून दाबोळीचा बंद झाला नाही. फक्त आता पाहुण्याला आधी विचारावं लागतं, "कुठल्या विमानतळावर उतरणार?" तेवढं विचारलं नाही तर आपण वास्कोत उभे आणि पाहुणा पेडण्यात. तसंच "कोड चढवला" असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न असायला हवा, "कुठे?"

दुसरं उत्तर जास्त टोचणारं होतं. "काम झालं ना? मग नावाचा एवढा हव्यास कशाला?" आपल्याकडे निनावी कामाला मान आहे, हे मला मान्य आहे. ओव्या रचणाऱ्या किती बायकांची नावं आपल्याला माहीत आहेत? पण नम्रता ज्याची त्याने दाखवायची असते. मी माझं नाव मागे घेणं वेगळं आणि यंत्राने किंवा दुसऱ्या कोणाच्या लॉगिनने ते पुसणं वेगळं. शिवाय नाव म्हणजे फक्त श्रेय नाही, जबाबदारीही आहे. सहा महिन्यांनी कराचा हिशेब चुकला तर कंपनीचा माणूस फोन करणार मला, कारण वहीत माझं नाव आहे. आणि तो हिशेब मी लिहिलेलाच नाही. मी काय सांगू? नाव चुकीचं असलं की श्रेय चुकीच्या माणसाला जातं, आणि प्रश्नही चुकीच्याच माणसाला विचारला जातो.

मग करायचं काय? चूक करून मला जे समजलं ते सांगते. पुढच्या वर्षी प्रकल्प करणाऱ्यांनी हवं तर फाडून खिशात ठेवावं.

पहिलं म्हणजे मूळ वही कुठली हे कागदावर लिहून घ्या. दोन्ही वह्या समान, असं कधी नसतं. एक मूळ, दुसरी नक्कल. किंवा केडीईसारखं, कुठल्या प्रकारची फाइल कुठे जन्मते हे ठरवा. तिकडच्या माणसाला दुरुस्ती करायची असेल तर ती मूळ वहीतच करू द्या.

दुसरं, लॉगिन प्रत्येकाचं वेगळं मागा. संकोच करू नका. आम्ही संकोच केला, "सरांना कशाला त्रास" म्हणून. त्या संकोचाची किंमत मैत्रिणीने मोजली. नाहीच मिळालं तर दुभाष्याला सांगायची सोय आहे. गिट एसव्हीएनमध्ये 'ॲड ऑथर फ्रॉम' नावाचा पर्याय आहे. तो दिला की मूळ लिहिणाऱ्याचं नाव नोंदीच्या मजकुरात एका ओळीत जातं. तिकडचं लॉगिन आणि इकडचं नाव यांची जोडयादी ठेवायचीही सोय आहे. हे सगळं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं होतं. मी ती परीक्षेनंतर वाचली.

तिसरं, रोज थोडं थोडं न्या. आठवड्याचं साठवून एका रात्री नेऊ नका. आपल्या वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं, ते एकच पथक चोवीस तास गातं म्हणून नाही. एकाचा टाळ थांबायच्या आत दुसऱ्याचा वाजायला लागतो म्हणून. आमच्या पुलावर फक्त मीच होते. मला ताप आला असता तर प्रकल्पाला ताप आला असता. पूल ओलांडायला किमान दोघांना यायला हवं.

चौथं, टक्कर झाली की एकट्याने निर्णय घेऊ नका. ज्याची ओळ आहे त्याला फोन करा. रात्रीचे अकरा वाजले असतील तर सकाळपर्यंत थांबा. चार दिवसांच्या कामापुढे आठ तास काहीच नाहीत.

आणि पाचवं, हे शिक्षकांसाठी आणि कंपन्यांसाठी, हात जोडून. दोन वह्या जोडण्याचं काम हे खरं काम आहे. ते 'जमलं तर कर' असं एका विद्यार्थ्याच्या गळ्यात टाकू नका. प्रकल्पाच्या गुणांत त्याला जागा द्या, त्यासाठी वेळ द्या आणि प्रकल्प सुरू व्हायच्या आधी एक तास बसून कसं करायचं ते ठरवा. आणि परीक्षकांनो, यादीत एकच नाव दिसलं तर आधी विचारा, ही यादी कुठल्या वहीची?

शेवटी मराठीच्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. केडीईसारख्या प्रकल्पांत मराठी भाषांतराचं काम कधी संपत नाही. आज वाक्य भाषांतरित केलं की उद्या कोडमध्ये नवीन वाक्य येतं. त्या कामाला प्रोग्रॅम लिहिता यावाच लागतो असं नाही. मराठी लागते. 'सेव्ह'ला जतन म्हणावं की साठवणं, बटणावर मावेल असा शब्द कुठला, एक फाइल आणि अनेक फाइली यांची वाक्यं वेगळी कशी करायची, हे प्रश्न आपल्या मंडळाचे आहेत. आणि फाइलच्या डोक्यावर नाव तुमचंच राहील.

डिचोलीच्या मैत्रिणीला हा लेख आधी दाखवला. तिचं नाव घालू का, असं विचारलं. ती म्हणाली, "नको गे, इथं नको. तिथं घाल." म्हणून त्या रात्री बसून मी प्रकल्पाच्या मुख्य फाइलच्या सुरुवातीला चौघांची नावं आणि प्रत्येकाने काय लिहिलं ते टाकलं. कंपनीला पत्र पाठवून त्यांच्याही वहीत ती ओळ घालून घेतली. नोंद क्रमांक तेवढा पुन्हा माझ्याच लॉगिनचा आहे. पण आत लिहिलेलं खरं आहे.